‘त्याला काय कळतंय अजून?’ असं म्हणू नका

दातिवऱ्यात, एडवणात, कोऱ्यात, नाहीतर सफाळ्याच्या बाजारात, कुठेही कडेवरच्या बाळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्याला काय कळतंय अजून?’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या समजुतीपायी बाळाला न्हाऊ-माखू घालतात, पाजतात, झोळीत टाकून झोके देतात आणि त्याच्याशी बोलायचं तेवढं राहून जातं. शाळेत घातलं की शिकेल, असा हिशेब असतो. शाळेत जाईपर्यंत मेंदूचं बरंचसं बांधकाम उरकलेलं असतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं मागणं साधं आहे. बाळाशी जन्मल्या दिवसापासून बोला. घरात जी बोली आहे तिच्यातच बोला. आणि त्याने हुंकार दिला, हात हलवला, बोट दाखवलं, तर त्याला उत्तर द्या. यासाठी पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. हे का मागतो आहे, ते आता सांगतो.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो. मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅम भरतो. दोन वर्षांच्या आतच बाळाचा मेंदू मोठ्याच्या मेंदूच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊन पोचतो. हातपाय, उंची, दात सगळं सावकाश येतं, मेंदूला मात्र घाई असते. बरं, या वाढीत चेतापेशींची संख्या फारशी वाढत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या ब्राझीलच्या बाईंनी २००९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर मेंदूच्या ऊतीचा अक्षरशः द्रव करून त्यातली केंद्रकं मोजली, तेव्हा हा आकडा निघाला. यातल्या बहुतेक पेशी आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर वाढतात त्या पेशींच्या फांद्या, आणि एका पेशीचा दुसरीशी जुळणारा सांधा.

हा सांधा म्हणजे दोन पेशींमधली अतिशय बारीक फट. पेशीत विजेचा झटका उठतो, तिच्या लांब तंतूवरून धावत टोकाला येतो, टोकाशी रसायन सुटतं, आणि फटीपलीकडची पेशी ते टिपून घेते. एकेका पेशीला असे हजारो सांधे. पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून जास्त नवे सांधे तयार होतात, असा हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राचा अंदाज आहे. हे सगळे टिकत नाहीत. पीटर हुटेनलोखर नावाचे शिकागोचे डॉक्टर होते. दगावलेल्या माणसांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं हे सांधे मोजले. लहान मुलाच्या मेंदूत मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त सांधे असतात आणि पुढे ते कमी होत जातात, असं त्यांना दिसलं. कमी होणारे कोणते? जे वापरात नाहीत ते. वैतरणेच्या मुखाशी होडी घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. जिथून पाणी सारखं खेळतं तिथे खोली राहते, बाकी ठिकाणी गाळ बसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. तंतूवर चरबीचं वेष्टन चढलेलं नसेल तर संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. वेष्टन चढलं की तोच शंभर मीटरपर्यंत धावू शकतो. बाळ आधी मान धरतं, मग बसतं, मग चालतं, या क्रमामागे हे वेष्टन चढण्याचा क्रमही आहे. त्याला चरबी लागते, लोह लागतं. जेवणाकडे नंतर येतो.

आता भाषा. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक प्रयोग छापला. तो वाचून आपल्या माणसाला हसूच येईल, कारण त्यात वापरलेले आवाज आपल्या रोजच्या तोंडातले आहेत: हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’. मोठ्या इंग्रजी माणसाला हा फरक ऐकूच येत नाही. पण सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांना तो सहज कळत होता. आवाज बदलला की बाळ मान वळवून बघायचं, मग त्याला हलणारं खेळणं दाखवायचे, अशी रीत. तीच परीक्षा दहा-बारा महिन्यांच्या बाळांची घेतली तर फरक ओळखणारी मोजकीच निघाली. मधल्या चार-सहा महिन्यांत मेंदूने ठरवून टाकलं होतं: आपल्या घरात हे आवाज कुणी काढत नाही, सोडून द्या. म्हणजे ज्या बाळाला ‘काय कळतंय’ म्हणतो, ते पहिला वाढदिवस यायच्या आत आपल्या घराच्या भाषेचे आवाज निवडून मोकळं झालेलं असतं.

पुढचा प्रयोग खास मोबाइलवाल्यांसाठी. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसायचं, पुस्तक दाखवायचं, खेळणं हलवायचं. काहींना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. जिवंत माणसाबरोबर बसलेली बाळं चिनी आवाजातले बारकावे ओळखायला लागली. टीव्हीपुढची बाळं काहीच शिकली नाहीत. आवाज तोच होता, पण समोरून त्यांच्या नजरेला नजर देणारं कुणी नव्हतं.

म्हणून जेवताना पोरासमोर गाण्यांचा व्हिडिओ लावून ‘बघा, मोबाइलवर किती शिकतो’ असं कौतुक करू नका. ते रंग बघतंय. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. परगावी असलेल्या मामाशी किंवा बोटीवरच्या बापाशी व्हिडिओ कॉल केला तर त्याला ना नाही, कारण तिथे समोरचा माणूस उत्तर देतो.

आणि मोबाइल बाळाच्या हातात दिला नाही म्हणून आपण सुटलो, असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं हसायचं, बोलायचं, आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा करून नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, सगळे उपाय करून पाहतं, आणि शेवटी तोंड फिरवतं किंवा रडायला लागतं. आपण बाळाला मांडीवर घेऊन मोबाइलमध्ये डोकं घातलं की आपला चेहरा तसाच कोरा होतो. एखाद वेळेला काही बिघडत नाही. दिवसभर तसंच चाललं तर बिघडतं.

मग बोलायचं तरी काय? किनाऱ्यावरच्या कुठल्याही अंगणात बघा. आजी पाटी ओतून मावरं निवडायला बसली आहे. दहा महिन्यांचं नातवंड पाटीच्या कडेला धरून उभं. ते बोंबलाकडे बोट करतं, ‘ऊं’ म्हणतं. आजी बोंबील उचलून त्याच्यासमोर धरते. ‘बोंबील हाय तो. मऊ लागतो ना? बघ, कसा हलतो.’ पोर हात लावतं, हात मागे घेतं, आजीच्या तोंडाकडे बघतं. आजी हसते. पोर पुन्हा हात लावतं. इथे काय झालं ते मोजा. पोराने विचारलं, आजीने त्याच वस्तूचं नाव त्याच क्षणी दिलं, स्पर्श आणि शब्द एकत्र आले, पोराने पुन्हा करून बघितलं. डोळे, कान, हात आणि भाषा, मेंदूचे चार-पाच भाग एकाच वेळी कामाला लागले. बाजारातलं ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ लिहिलेलं खेळणं यापेक्षा जास्त काही करत नाही. बहुतेक वेळा कमीच करतं.

हे जिने ओळखलं ती बाई आपल्याच रेल्वेमार्गावर राहून गेली. सफाळ्याहून डहाणूकडची गाडी धरा, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू मागे टाकून घोलवडला उतरा, की बोर्डी. ताराबाई मोडक तिथे १९४५ साली आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज ज्या अंगणवाडीला आपण ‘खिचडी मिळते ती जागा’ समजतो, तिचं मूळ या कल्पनेत आहे. माँटेसरीबाईंची साधनं महाग, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणातच शाळा भरवली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि ताराबाईंच्या मागे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते सांभाळलं. सांधे मोजणाऱ्या डॉक्टरांचे निबंध छापून यायच्या कितीतरी आधी ही माणसं आदिवासी पाड्यावर बसून मुलाच्या हातात शिंपला देत होती. देशभरातली सरकारी अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. म्हणून आपल्या गावातल्या अंगणवाडीताईला ‘पोषण आहारवाली’ म्हणून वागवू नका. तीन वर्षांचं पोर तिच्याकडे रोज पाठवा, आणि ती काय करून घेते ते विचारा. विचारणारे पालक असले की ताईलाही हुरूप येतो.

आता बोलीबद्दल, कारण इथे मला फार घोळ दिसतो. घरात आजी-आजोबा मांगेली बोलतात, वाडवळी बोलतात, पाड्यावर वारली बोलतात. आईबाप आपसात तेच बोलतात. आणि पोराकडे वळले की ‘बेबी, कम, ईट’. कारण पोर इंग्रजी माध्यमात जायचं आहे. ज्या भाषेत आपल्याला दहाच शब्द येतात, त्या भाषेत आपण पोराला दहाच शब्द देणार. बोलीत आपल्याकडे भरतीची नावं आहेत, वाऱ्याची आहेत, माशांची आहेत, नातं, राग, थट्टा सगळं आहे. पोराच्या मेंदूला सुरुवातीला भरघोस, जिवंत, उलटसुलट बोलणं हवं असतं. ते कुठल्या भाषेत आहे याने काही अडत नाही. एक भाषा पक्की बसली की दुसरी तिच्या आधाराने येते. घरात दोन भाषा खरोखरच बोलल्या जात असतील, आई वाडवळी आणि बाप गुजराती, तर दोन्ही बोला. मूल गोंधळत नाही. गोंधळ आपल्याला वाटतो.

मला माहीत आहे, अनेक घरांत आई सकाळी पाटी घेऊन गाडीला जाते, बाप बोटीवर नाहीतर तारापूरच्या कारखान्यात पाळीवर. त्या आईला हे वाचून अपराधी वाटायचं कारण नाही. बोलणारं माणूस आईच असलं पाहिजे असं मेंदूने कुठे लिहून ठेवलेलं नाही. घरात आजी आहे, आत्या आहे, मोठी बहीण आहे. खरं तर हे आवाहन आजींनाच आहे. तुम्ही दिवसभर जे पुटपुटत काम करता ना, ते जरा मोठ्याने करा, बाळाकडे बघून करा.

पोटातल्या बाळाचंही थोडं सांगतो. गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात ती मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी लग्नानंतर, मूल हवं असं ठरल्यावरच सुरू करायची असते. उपकेंद्रात मिळते, आशाताईला मागा. पुढे लोहाची लाल गोळी. ती घेतली की शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका गुपचूप उकिरड्यावर टाकतात. टाकू नका, जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. तंतूवर वेष्टन चढायला लोह लागतं, असं वर म्हटलं ते यासाठी.

मीठ आयोडीनचं पुडीतलं वापरा. आपल्या भागात मिठागरं आहेत, पोत्याने जाडं मीठ मिळतं. ते मासे खारवायला ठेवा, कालवणात नको. आईच्या पोटी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. मासे खाता म्हणून थोडं आयोडीन मिळतं, पण मासळीचे दिवस बारा महिने सारखे नसतात. मासे मात्र गरोदरपणात जरूर खा: तारली, बांगडा, मांदेली. मेंदूला लागणारी चरबी त्यात आहे, आणि तारली स्वस्त म्हणून तिला कमी लेखू नका. मोठी मुशी टाळा. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो आणि तो बाळाच्या मेंदूला अपाय करतो.

ताडी आणि दारू पोटुशी बाईने अजिबात घेऊ नये. ‘ताडी थंड असते’ हे खरं मानलं तरी आंबलेल्या ताडीत अल्कोहोल असतं, ते थेट बाळापर्यंत पोचतं आणि तयार होणाऱ्या चेतापेशींना मारतं. मिश्रीचंही तेच. तंबाखू दाताला लावली तरी रक्तात जाते, आणि बाळ कमी वजनाचं होतं.

गर्भसंस्काराच्या महागड्या वर्गांवर मात्र खर्च करू नका. पोटातलं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकतं हे खरं. जन्मून एक-दोन दिवस झालेली बाळं आईचा आवाज इतरांपासून वेगळा ओळखतात, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं. तो आवाज बाळाला फुकट मिळतो आहे. वर्गाचे पैसे अंड्यांना लावा. मेंदूच्या टॉनिकचंही तसंच. लहान मुलाचं शरीर स्वस्थ असतानाही जेवढी ऊर्जा खर्चतं, त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. त्याला दिवसातून पाच वेळा खाणं हवं: भात-डाळ, अंडं, शेंगदाणा, मासा, वर थोडं तेल. बाटलीने काही होत नाही. आणि झोप हवी. हळदीला डीजेपुढे रात्री एक वाजेपर्यंत तान्हं घेऊन बसणं बंद करा, कान आणि झोप दोन्ही जातात.

काही खुणा मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडायच्या नाहीत. सहा महिन्यांचं होऊनही आवाजाकडे वळत नाही. वर्षाचं होऊनही ‘बाबा-दादा’ असं काही बडबडत नाही, बोट दाखवत नाही. दीड वर्षाचं होऊन एकही शब्द नाही. आधी येत असलेलं काही विसरलं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसतं. शेवटची खूण फार घाईची आहे. ह्यूबेल आणि वीझेल या दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात याचं कारण सापडतं. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे मिटून ठेवला, तर डोळा चांगला असूनही मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली. माणसाच्या बाळाचंही असंच होतं. बाहुलीतलं पांढरं मोतीबिंदूचं असेल आणि तो लवकर काढला तर नजर येते, उशीर केला तर शस्त्रक्रिया होऊनही मेंदू बघायला शिकत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्ट हीच: यंत्र लवकर बसलं तर बोलणं येतं.

अशा मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला सुरू झाला तो पालघरमध्येच, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्यांचं पथक गावात येईल त्या दिवशी पोराला मामाकडे पाठवू नका. पुढची तपासणी, उपचार, शस्त्रक्रिया या कार्यक्रमात मोफत आहेत.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काही नको. पोराला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

एक भीती काढून टाकतो. तीन वर्षं झाली म्हणजे दार बंद झालं, असं समजू नका. मेंदू म्हातारपणापर्यंत शिकतो. ज्यांचं पोर आता पाच वर्षांचं आहे त्यांनी आजपासून बोलायला लागावं. सुरुवातीला सोपं जातं, नंतर कष्ट जास्त पडतात, एवढाच फरक.

शेवटचं बापांसाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली, माणूस दोन महिने घरी. पोराला सुई आणि डिझेलपासून हातभर लांब बसवा आणि हाताने काम चालू असताना तोंडाने सांगत राहा: हा दोरा, हे फाटलं, आता गाठ मारली. पाळीवाल्याने घरी आल्यावर आंघोळ करून अर्धा तास तेवढ्यासाठी ठेवावा. मोबाइल आतल्या खोलीत. आणि तुम्ही काही विचारलंत तर लगेच पुढचं बोलू नका, चार-पाच सेकंद थांबा. बाळाच्या मेंदूला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पुष्कळदा त्याचं उत्तर तोंडातून न येता पायाच्या हालचालीतून येतं.